ओले बारदान

जूनचा दुसरा आठवडा होता. मृगाची पहिली सर आदल्या संध्याकाळी पडून गेली होती, आभाळ भरून आले होते आणि वारा पार पडला होता. अमळनेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून दुपारी अडीचच्या सुमारास मला फोन आला. "भाऊ, मन्या (माझ्या) सात कोंबड्या मरी ग्यात," एवढेच त्या माय बोलू शकल्या.

पशुवैद्यकाच्या मनात अशा वेळी पहिला विचार रोगाचाच येतो. देशातील कोंबड्यांमधला बर्ड फ्लू सर्वप्रथम फेब्रुवारी 2006 मध्ये आमच्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला होता आणि त्याची धास्ती इकडच्या कोंबडीपालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून हातमोजे, मुखपट्टी आणि शवविच्छेदनाची पेटी घेऊनच मी निघालो.

परसातले खुराडे व्यवस्थित बांधलेले होते. दोन बाजूंना विटांच्या भिंती, दोन बाजूंना जाळी, वर पत्रा आणि आत चाळीसेक पक्षी. दोन्ही जाळ्यांवर वरपासून खालपर्यंत बारदाने टांगलेली होती आणि त्यांच्या कडांवरून पाणी ठिबकत होते. मी बारदान बाजूला सारून आत डोके घातले, तसा अंगावर वाफारा आला. पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते, खालचा भुसा पायाखाली चिकटत होता आणि जिवंत कोंबड्या चोच वासून, पंख अंगापासून दूर धरून उभ्या होत्या. एका तलंगेचे श्वास मी घड्याळ लावून मोजले. अर्ध्या मिनिटात ऐंशी भरले. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास पुरतात.

मेलेल्या सातही कोंबड्या भारी वजनाच्या गिरिराज जातीच्या होत्या. देशी कोंबड्या आणि बोडक्या मानेची एक कोंबडी, धापत असल्या तरी, तगून होत्या. मानमोडी (राणीखेत) रोगात दिसते तशी मान वळलेली नव्हती, विष्ठा हिरवी नव्हती, शेजारच्या तीन घरांतल्या कोंबड्या ठणठणीत होत्या. एक पक्षी उघडला, तेव्हा छातीचे मांस शिजल्यासारखे फिकट पडलेले दिसले. जठराच्या अस्तरावर रक्ताचे ठिपके नव्हते, आणि गळ्यातली पिशवी दाण्याने गच्च भरलेली होती. खात्रीसाठी नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले; त्यांत पुढे कोणताही संसर्ग निघाला नाही. माझे निदान मात्र तिथेच झाले होते, उष्माघाताचे, आणि ते मला फार लागले.

कारण ही बारदाने मीच टांगायला सांगितली होती. एप्रिलमध्ये गावातल्या महिलांच्या बैठकीत मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो होतो की दुपारी खुराड्यावर ओले बारदान टाका, एकही कोंबडी दगावणार नाही. मे महिन्यात ते खरेही ठरले. बाहेर पारा 44 अंशांवर असताना याच खुराड्यात हवा चांगली आठ अंशांनी थंड होती. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच 41 अंशांच्या पुढे असते आणि जादा उष्णता ती मुख्यत्वे धापा टाकून, श्वासनलिकेतला ओलावा वाफेवाटे बाहेर सोडून घालवते. बारदानही त्याच तत्त्वावर हवा थंड करते. मेमधली कोरडी हवा दोघांचाही ओलावा शोषून घेत होती. जूनमध्ये हवाच ओलाव्याने भरली, तेव्हा बारदान वाळेना आणि कोंबडीची धापही वाया जाऊ लागली. वर त्या बारदानांनी उरलीसुरली झुळूकही अडवली. त्या दिवशी बाहेर 35 अंश होते आणि आत 37. माय बिचाऱ्या, कोंबड्या धापतात हे पाहून, दर अर्ध्या तासाने आणखी पाणी मारत होत्या.

आम्ही आधी बारदाने ओढून काढली आणि कोंबड्या निंबाखाली आणल्या. ज्या अगदी निपचित होत्या, त्यांचे पाय आणि पोट साध्या थंड पाण्याच्या बादलीत छातीपर्यंत बुडवून धरले, डोके कटाक्षाने वर ठेवले आणि मायच्या नातवाने सुपाने वारा घातला. पाणी घशात ओतायचे नाही, चोचीच्या कडेला थेंब लावायचा, हे मी त्याला दोनदा बजावले. धापणाऱ्या कोंबडीच्या घशात पाणी ओतले तर ते फुफ्फुसात जाते. क्षार-साखरेच्या पुडीचे पाणी मातीच्या चार पसरट भांड्यांत सावलीत ठेवले, कारण एकच भांडे असले की दांडग्या कोंबड्या दुबळ्यांना जवळ येऊ देत नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी एक गेली. बाकीच्या वाचल्या.

"दाणे किती वाजता टाकता, माय?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अकरा वाजता, भाऊ, स्वयंपाक उरकल्यावर." खाल्लेले पचताना अंगात पुढचे काही तास उष्णता तयार होते, आणि ती नेमकी दुपारच्या उकाड्यात पडत होती. दाणे तेव्हापासून पहाटे आणि दिवस मावळताना पडू लागले. पत्र्यावर चुना मारून वर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर टाकला. ओला भुसा काढला. मांजर-मुंगसाच्या भीतीने रात्रीही जाळीवर बारदाने पडत असत, त्यामुळे उष्णता रात्रभर आत कोंडून राही. तिथे बारीक छिद्रांची दुसरी जाळी ठोकून रात्रीची बारदाने कायमची बंद केली. पुढचे दहा-बारा दिवस अंडी पातळ कवचाची आली, कारण सतत धापल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारा चुना नीट बनत नाही. मी शिंपल्यांचा चुरा ठेवायला सांगितला.

पण बारदान कधी टांगायचे आणि कधी नाही, हे त्यांना कसे सांगावे, ते मला सुचेना. आर्द्रता मोजायचे यंत्र त्यांच्या घरात कुठून असणार? तो उपाय मायनेच काढला. मी ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा त्या बाजूला गेलो, तेव्हा खुराड्याशेजारच्या तारेवर ओल्या फडक्याचा एक तुकडा लटकत होता. सकाळी चुलीवर तवा ठेवताना त्या ते फडके भिजवून टांगतात आणि भाकरी संपेपर्यंत वाळले, तरच दुपारी बारदान टांगतात. त्या दिवशी ते अजून दमट होते. बारदाने कोठ्यात घडी करून ठेवलेली होती, आणि कोंबड्या निंबाखाली माती उकरून तिच्यात पोट टेकून बसल्या होत्या.