फुटबॉल

तासगाव तालुक्यातल्या आमच्या मळ्यात एक फुटबॉल होता, तो कुणी कधी खेळलं नाही. विहिरीत सोडलेल्या सक्शन पाइपच्या टोकाची झडप ती. दुकानात तिला फूट व्हॉल्व्ह म्हणत, मळ्यात येईपर्यंत तिचा फुटबॉल व्हायचा. ती गळकी झाली की रात्रीत पाइप रिकामा आणि सकाळी माझ्या हातात बादली. बुडबुडे थांबेपर्यंत पंपात पाणी ओतायचं. मग आबा इंजिनाचा खटका वर करून हँडल मारायचे, चाकानं वेग धरला की खटका पाडायचे. टुक... टुक... टुकटुकटुक! हँडल वेळेत निघालं नाही तर मनगटाचं काही खरं नसे.

पंप पाणी ओढतो, असं मला कैक वर्षं वाटायचं. खरं तर आतला पंखा फिरून नुसती जागा करून देतो. विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवाच त्याला वर ढकलते. तिची ताकद 10 मीटरची, तीही कागदावर. वीस-बावीस फुटांपुढे आमचा पंप कुरकुरायचा. म्हणून उन्हाळ्यात पाण्यामागोमाग इंजिनही विहिरीत उतरे. दोर, वासे, चार गडी आणि आबांच्या शिव्या. सायलेन्सरला लांब पाइप जोडून धूर वर काढावा लागे, कारण विहिरीत कोंडलेला धूर माणूस मारतो. पाऊस पडला की ही सगळी वरात उलटी.

आता मळ्यात द्राक्षं आहेत. ट्रॅक्टरवरचा एचटीपी, म्हणजे फवारणीचा पंप, पाणी देतो थोडंच, पण तीन पिस्टननी असं दाबून की पानापानावर धुकं बसतं. पाण्याला मोटार आहे. इंजिन शेडमध्ये गोणपाटाखाली.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेली. पूर ओसरल्यावर सांगलीत मावसभावाच्या तळघरात छातीभर गढूळ पाणी, आणि वीज नाही. एक पोरगा दोन हातांत मावेल एवढा इंजिनवाला पंप घेऊन आला. एकदा बादलीभर पाणी पाजलं की पुढचं ह्याचं हा बघतो, म्हणाला. पंप लागला, आम्ही चहा घेत बसलो. मध्येच आवाज हलका झाला, इंजिन उगाच पळायला लागलं.

"फुटबॉल बघ रे, अडकलाय," मी बसल्या जागेवरून ओरडलो.

"कसला फुटबॉल, काका?"

त्यानं पाइप वर ओढला. जाळीला साडीच्या दुकानाची पिशवी घट्ट चिकटली होती.