भाराभर चिंध्या

दुपारी तीनच्या सुमाराला उजेड तिरपा होतो आणि पांढऱ्या कापडावरचं पांढरं भरतकाम एकदम दिसायला लागतं. प्रत्येक टाक्याला आपापली सावली मिळते. तो उजेड सरला की काम कितीही मनात असो, बाजूला ठेवावंच लागतं आणि हात दुसरं कापड ताणून बसवलेल्या रिंगकडे जातो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं अनेक कामं एकदम चालवणाऱ्याला म्हणणाऱ्यांनी एकदा सलग चार तास सॅटिनचा टाका (पाकळीसारखा आकार लगतच्या सरळ टाक्यांनी भरणारा) घालून पाहावा.

कामं माणसाला वेगवेगळ्या जागी दमवतात. चौकडी मोजून घालायचा क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका, डोकं खातो. छाप्यावरचा साखळी टाका नुसता हात मागतो, गप्पा मारतानाही होतो. सॅटिनमध्ये सगळा जीव ताणात. धागा जरा जास्त ओढला की पाकळीच्या दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि कापडाला कायमची चुणी पडते. म्हणून पाकळीच्या कडेने आधी बारीक उलटी टीप घालून घ्यावी आणि सॅटिनचे टाके तिच्यावरून न्यावेत. कड उचलून येते, सरळही राहते. सेंटिमीटरभराहून लांब टाका मात्र टाळावा, तो वापरात अडकतो. अशी वेगळ्या जातीची तीन-चार कामं सोबत चालवली तर चालतात. मोजणीची दोन कामं एकाच वेळी काढू नयेत, दोन्हींची घरं चुकतात.

मोजणीच्या कामाचा हिशोब आधीच मांडलेला बरा. 14 काउंटच्या आयडावर, म्हणजे चौकडीच्या विणीच्या कापडावर, इंचाला 14 टाके. 140 बाय 140 घरांचा नमुना म्हणजे दहा इंचांचा चौकोन, दिसायला उशीच्या अभ्र्याएवढाही नाही. पण पूर्ण भरायचा तर 19,600 टाके. एका बैठकीला दोनशे धरले तरी 98 बैठका. हा आकडा ऐकून कुणी घाबरतं, कुणाला हायसं वाटतं. आम्ही दुसऱ्या गटातले. दोनशे टाके झाले की त्या कामाचं देणं फिटलं, पुढची रिंग घ्यायला मोकळे.

काम अडतं ते टाक्यांपाशी नव्हे, बसण्यापूर्वीच्या खटाटोपापाशी. कात्री कुठे, लडीचं टोक कुठे, हा रंग 3 नंबरचा की 4? सहापदरी सुती लडी आठ मीटरची असते. कोपराएवढे, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरचे तुकडे केले तर सतरा निघतात. प्रत्येकाचे दोन-दोन पदर घेतले की 51 सुया भरतात. पदर एकेक करून वर ओढावेत आणि मग जोडावेत. दोन्ही एकदम ओढले की खाली गुंता ठरलेला. मोहाने लांब धागा घेतला तर तो नेढ्यापाशी झिजतो, त्याला केसाळपणा येतो आणि शेवटच्या टाक्यांची चमक जाते. पीळ चढला की सुई मोकळी सोडून लोंबू द्यावी, धागा आपला आपण उलगडतो.

प्रत्येक कामाला स्वतःची पिशवी हवी आणि स्वतःची सुई. पण सुई कापडात टोचून ठेवायची नाही. दमट हवेत ती गंजते आणि तो तपकिरी ठिपका सहजी जात नाही. रिंगही उठताना सैल करून काढावी. महिनाभर तशीच राहिली तर घडीच्या वळ्यात धूळ बसते आणि इस्त्रीनेही न जाणारं वर्तुळ उरतं. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली की पकड घट्ट राहते आणि वळही कमी उमटतो. पिशवीत एक चिठ्ठी असावी: किती पदर, कोणता नंबर, आणि क्रॉसचा वरचा पाय कुठे झुकतो. ही शेवटची नोंद हास्यास्पद वाटते, पण तीन आठवड्यांनी परत बसल्यावर पाय उलट पडले तर उजेडात तेवढाच तुकडा वेगळ्या रंगाचा भासतो. पार्श्वभूमीचा धागा मात्र एकदमच घ्यावा. नंबर तोच असला तरी रंगाची भट्टी बदलली की छटा सरकते.

उसवणं हाही कामाचाच भाग. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने भरलेला 1598 सालचा टाक्यांचा नमुना आहे. त्यात एके काळी पाठीवर किल्ला घेतलेला एक हत्ती होता. तो उसवलेला आहे, पण सुईच्या खुणांवरून अजून ओळखता येतो. खुणा अशा मागे राहतात, म्हणून घट्ट विणीच्या कापडावर उसवायचं तर लगेच उसवावं. नंतर भोकांना किंचित पाणी लावून नखाने चोळलं तर धागे बरेचसे मिटतात.

आणि जी पिशवी समोर असूनही सारखी ओलांडली जाते, तिच्याशी भांडत बसू नये. लड्या काढून डब्यात टाकाव्यात, चिठ्ठी फाडावी, कापड धुऊन वाळत घालावं. एक जागा रिकामी होते. ती फार दिवस रिकामी राहत नाही, हे वेगळं.