तुम्ही विचारलंत म्हणून: एका दिवसाचं चित्र आणि सहा महिन्यांचं पुस्तक

‘पेपरातल्या लेखाचं चित्र तुम्ही संध्याकाळपर्यंत देता, मग मुलांच्या ३२ पानी पुस्तकाला सहा महिने कशाला? मजकूर तर जेमतेम दीड पान.’ हा प्रश्न लेखक विचारतात, नवे प्रकाशकही विचारतात. पुढे हिशेबही मांडतात: चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक), रोज एक, म्हणजे पंधरवडा. बेरीज बरोबर आहे. पण त्यात प्रत्येक चित्र सुटं धरलेलं असतं, आणि पुस्तकात सुटं चित्र नसतंच.

पेपरातलं चित्र सुटं असतं, म्हणून ते दिवसात होतं. आठशे शब्दांचा लेख सकाळी येतो. तो दोनदा वाचायचा आणि दुसऱ्या वाचनाला त्यातल्या फक्त वस्तू कागदाच्या कडेला लिहायच्या: मीटर, कंदील, पावती, खुर्ची. त्यातल्या कुठल्या दोन एकमेकांत अडकतात ते बघायचं. तीन रफ, म्हणजे कच्ची चित्रं, करायची, पोस्टाच्या तिकिटाएवढी. आकार लहान ठेवायचं कारण साधं आहे: बहुतेक वाचक ते चित्र फोनवर तेवढंच बघणार आहेत. तिकिटाएवढ्यात कल्पना कळली नाही, तर मोठं करून कळत नाही. संपादक एक रफ निवडतो, चार-पाच तासांत पक्कं चित्र जातं. यात हमखास फसतं ते मथळ्याचं चित्र करण्यात. कर्जावर लेख असला की भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला माणूस. तो माणूस आता खरंच दमला असेल.

चांगलं उदाहरण हवं असेल तर ‘द न्यू यॉर्कर’च्या ३ एप्रिल २०१७ च्या अंकाचं मुखपृष्ठ बघा. मालिका फाव्र या फ्रेंच चित्रकर्तीचं आहे. मास्क लावलेल्या चार स्त्री-शल्यविशारद वरून खाली बघताहेत, सपाट रंग, छटा जवळजवळ नाहीतच. सगळी करामत कोनात आहे: बघणारा आपोआप ऑपरेशन टेबलावर आडवा होतो. जगभरच्या स्त्री सर्जननी तसंच वाकून आपापले फोटो काढले. एक चित्र, एक कल्पना, विषय संपला. आणि पेपरातलं चित्र दुसऱ्या दिवशी भज्यांचं तेल टिपायला गेलं, तरी त्याचं काम झालेलं असतं.

पुस्तकाचं गिऱ्हाईक वेगळं. एकच मूल तेच पुस्तक पन्नास वेळा उघडणार, आणि सहाव्या पानावर मांजरीच्या शेपटीला पांढरं टोक होतं, एकोणिसाव्यावर नाही, हे तुम्हाला सांगणार. मोठी माणसं असल्या चुका पकडत नाहीत, कारण ती चित्रं वाचत नाहीत, बघतात.

काम पानांच्या वाटणीपासून सुरू होतं. ३२ पानं म्हणजे १६-१६ चे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली १६ पानं म्हणजे एक फॉर्म). पहिलं पान नावाचं, दुसरं प्रकाशकाच्या माहितीचं, तिसऱ्यावर गोष्ट सुरू. मग ४-५ पासून ३०-३१ पर्यंत चौदा जोडपानं, आणि शेवटी एकटं ३२. ‘एकच पान वाढवा ना’ म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की मध्ये पिना मारायच्या पुस्तकात पानं चारच्या पटीतच वाढतात. आठ ए-फोर कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की ३२ पानांची डमी तयार. तिच्यात मजकूर कापून चिकटवायचा, पेन्सिलीने काड्यांची माणसं काढायची आणि मोठ्याने वाचत पानं उलटायची. पाच-सहा डम्या सहज फुकट जातात. फुकट गेल्या पाहिजेत. या पायरीवर बदल करायला रबर पुरतं.

डमीत सगळ्यात जास्त वेळ खातं ते पान उलटणं. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी हवा आणि उत्तर पान उलटल्यावर डावीकडे. दार वाजलं ते नवव्या पानावर, दारात कोण हे दहाव्यावर. दोन्ही एकाच जोडपानावर आली, तर मुलाची नजर आधी उत्तरावर जाते आणि ‘कोण असेल बरं?’ विचारणारी आजी उगाच वेडी ठरते. पात्राची चालही डावीकडून उजवीकडे, म्हणजे पान उलटण्याच्या दिशेला. त्याला उलटं तोंड करून चालवलं, की ते परत निघालंय किंवा अडलंय असं न सांगता कळतं. हे मुद्दाम वापरायचं असतं. चुकून झालं तर गोष्ट जागच्या जागी अडखळते.

मग मधली घडी. तिच्यावर डोळा, चेहरा किंवा बोट येऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. पिनांचं पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडतं. गम बाइंडिंगमध्ये, म्हणजे पानं कण्याला डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकात, मात्र दोन्ही बाजूंचे पाच-सात मिलिमीटर गिळले जातात, म्हणून घडीवरून जाणारी रेघ तिरकी नको, सरळ आडवी हवी; तिरकी रेघ तुटलेली दिसते. दक्षिण कोरियाच्या सूझी ली यांनी या अडचणीचीच गोष्ट केली. त्यांच्या ‘वेव्ह’ (२००८) या शब्द नसलेल्या पुस्तकात मुलगी डाव्या पानावर आणि समुद्र उजव्या पानावर. लाट येते ती घडीपर्यंत, पुढे नाही. जणू तिथे काच आहे. मुलगी धीट होते, घडी ओलांडते. मग लाट सगळंच ओलांडते. तोवर निळा रंग फक्त पाण्यात होता, बाकी कोळशाचं काळं-करडं. लाट ओसरल्यावर आकाश निळं आणि मुलीचा झगाही निळा. दोन रंग आणि एक घडी, एवढ्यावर पुस्तक उभं आहे. ली यांना २०२२ मध्ये चित्रकारासाठीचं हान्स ख्रिस्तियन अँडरसन पारितोषिक, बालसाहित्यातला मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान, मिळालं.

त्यानंतरचं, २०२४ चं, कॅनडाच्या सिडनी स्मिथ यांना. जॉर्डन स्कॉट यांच्या मजकुरावर त्यांनी जलरंगात केलेलं ‘आय टॉक लाइक अ रिव्हर’ (२०२०) हे अडखळत बोलणाऱ्या मुलाचं पुस्तक. वर्गात सगळे त्याच्याकडे वळून बघतात, तिथे चेहरे धुऊन गेल्यासारखे विरघळतात; चकाकणाऱ्या नदीशी आलो की पानंच बाहेर उघडतात आणि चार पानांची रुंदी मिळते. हे बघून आपल्याकडे प्रत्येकाला उघडणारं पान हवं असतं. जरूर करा, पण आत दुमडायचा भाग बाकीच्या पानापेक्षा तीन-पाच मिलिमीटर अरुंद ठेवा, नाहीतर शेवटच्या कटिंगमध्ये घडीच कापली जाते आणि पान सुटं होऊन हातात येतं. शिवाय ती घडी बहुधा हाताने घालावी लागते. प्रत्येक प्रतीला. छापखान्याला आधी विचारा, चित्र नंतर काढा.

मजकूर छाटणं हेही चित्रकाराकडे येतं, आणि इथे लेखक रुसतात. जॉन क्लासेन यांच्या ‘धिस इज नॉट माय हॅट’मध्ये (२०१२) टोपी चोरलेला छोटा मासा सांगतो, मोठा मासा झोपलाय, लवकर उठायचा नाही. चित्रात मोठ्या माशाचा डोळा टक्क उघडा. पुढे फक्त पापणीची रेघ हलते आणि मुलं ओरडायला लागतात. मजकुरात ‘पण तो जागा होता’ असं एक वाक्य असतं, तर चित्र वाया गेलं असतं. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी शब्द आणि चित्र एकाच हाताची माणसं हा तंटा डोक्यातल्या डोक्यात मिटवतात. बाकीच्यांना फोन करावे लागतात.

पात्राचा तक्ता: समोरून, बाजूने, पाठमोरं, बसलेलं, धावणारं. वेणी कुठल्या खांद्यावर, चपलेचा पट्टा कसा, हे इथेच ठरतं. चौकडीचा शर्ट देण्याआधी दहा वेळा विचार करा. तो शर्ट तुम्हाला तीस-चाळीस वेळा काढायचा आहे, वाकलेल्या, भिजलेल्या आणि झाडावर चढलेल्या अवस्थेत.

मराठी मजकुराची जागा इंग्रजीच्या अंदाजाने सोडली तर हमखास घात होतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाला १८ ते २० पॉइंटचं अक्षर लागतं आणि ओळींतलं अंतर २८ ते ३०. त्याहून कमी केलं, की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन टेकतो. पुस्तक आणखी भाषांत जाणार असेल (प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या पुस्तकांचं मोफत संकेतस्थळ २०१५ मध्ये आल्यापासून तीच चित्रं अनेक भाषांत फिरणं नेहमीचं झालंय), तर मजकूर चौथाईने वाढेल एवढी मोकळी जागा ठेवा. अक्षर निव्वळ काळ्यात, म्हणजे भाषा बदलताना छपाईच्या चार शाईंच्या (सायन म्हणजे आकाशी निळा, मजेंटा म्हणजे गुलाबी-किरमिजी, पिवळा, काळा) चार प्लेटांपैकी एकच बदलते. गडद चित्रावर पांढरी अक्षरं पडद्यावर झकास दिसतात, पण छापताना एखादा रंग केसभर सरकला तरी वेलांट्या बुजतात. चित्रातल्या दुकानाच्या पाट्याही संगणकावरच्या फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवायच्या.

आणि रंग. पडद्यावरचा झगझगीत पोपटी आणि नारिंगी चार शाईंत मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य केलेलं बरं. निळ्यासाठी सायन १०० टक्के आणि मजेंटा १०० टक्के दिलं तर जांभळं छापतं. मजेंटा निदान ३० ने खाली ठेवा. सावळ्या कातडीचं सगळ्यात जास्त वाटोळं होतं, कारण सावलीसाठी हात काळ्याकडे जातो आणि चेहरा राख फासल्यासारखा येतो. सायन ३०, मजेंटा ५५, पिवळा ७०, काळा शून्य इथून सुरुवात करा आणि सावलीला सायन ४५-५० पर्यंत चढवा. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, शाई पसरते, मधल्या छटा गडद होतात, म्हणून तिथे सगळंच थोडं फिकट आणि चारही शाईंची बेरीज २८० च्या आत. गुळगुळीत आर्ट पेपरवर ३०० पर्यंत चालतं. त्यापुढे गेलात तर शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, दिवसाउजेडी खिडकीशी बघायचं, प्रेसच्या पिवळ्या दिव्याखाली नाही.

एवढं सगळं धरून: डम्यांना तीन आठवडे, पात्रांना दोन, जोडपानांच्या रफला आणि त्यावरच्या वादांना पाच-सहा, पक्क्या चित्रांना दहा-अकरा, प्रूफ आणि दुरुस्त्यांना तीन. झाले सहा महिने, त्यात कुणी आजारी पडलेलं नाही.

हातात दोनच महिने असतील, तर चित्रकाराला घाई करू नका, पुस्तक लहान करा. सोळा पानं, काळा आणि आणखी एक रंग, पात्रं दोन. त्यातलं एक मांजर असलं तर फारच उत्तम, त्याला शर्ट लागत नाही.