पावसाळ्यासाठी ड्रायर: स्वस्तातला की मधल्या रेंजचा?

ठाण्यात जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत हे काही नवीन नाही, पण घरात बाळ आल्यापासून रोजची ती दुपटी, लंगोट, झबली, हॉलमध्ये दोऱ्या बांधून पंखा फुल सोडला तरी दोन दिवसांनी कुबट वास येतोच. शेवटी ड्रायर घ्यायचं ठरलं.

दुकानात दोन दाखवले. स्वस्तातला व्हेंटेड, हीटरने हवा तापते आणि दमट हवा पाइपातून बाहेर जाते, टायमर लावायचा की झालं. दुसरा हीट पंपवाला, त्यात एसीसारखा कॉम्प्रेसर, तीच हवा आत फिरत राहते, पाणी टाकीत जमतं, कपडे वाळले की सेन्सर मशीन बंद करतो आणि वीज साधारण निम्मी लागते. मला हाच पटला होता खरं तर, पण घरी येऊन हिशोब मांडला.

आमच्याकडे ड्रायर चालणार जून ते सप्टेंबर, आठवड्यातून तीनदा, म्हणजे साधारण 50 वेळा. एका लोडला व्हेंटेडला 3 युनिट, हीट पंपला दीड धरलं तर वर्षाला 75 युनिट वाचणार, युनिट 10 रुपये धरलं तरी 750 रुपये. आणि दोन्हीच्या किमतीत फरक 25 हजारांच्या वर! माझी नणंद इंग्लंडला असते, तिकडे ऑक्टोबर ते एप्रिल ड्रायर चालू आणि वीजही महाग, तिने हीट पंप घेतला ते बरोबरच केलं. आपल्याकडे बाकीचे आठ महिने ऊन आहे की.

आम्ही व्हेंटेडच घेतला. पण त्याआधी वॉशिंग मशीनचं स्पिन, म्हणजे कपडे पिळताना ड्रम फिरायचा वेग, मिनिटाला 800 फेऱ्यांवरून 1200 वर नेलं, हे मात्र सगळ्यांनी करा, कारण हीटरने एक लिटर पाण्याची वाफ करायला 0.6 युनिटच्या वर वीज जातेच, आणि तेच पाणी स्पिनमध्ये जवळपास फुकटात निघतं.

टायमरचा त्रास आहे, झबली पटकन वाळतात आणि टॉवेल ओलेच राहतात, म्हणून मी दोन्ही वेगळे टाकते आणि 40 मिनिटांनी उघडून बघते. हीटर 2000 वॅटच्या आसपासचा, त्यामुळे वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट करून घेतला, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात लावू नका. लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू अडवणारी जाळी, दर वेळी साफ करायचाच, तो तुंबला तर आग लागू शकते.

पाइप बाहेर काढायला खिडकी किंवा बाल्कनी नसेल तर मात्र व्हेंटेड घेऊ नका, सगळी वाफ घरातच राहते आणि भिंतींना बुरशी धरते, तिथे जास्तीचे पैसे घालून हीट पंपच घ्या.