नऊ की एक?

नानांचा फोन रात्री अकराला आला. "लाईट कव्हय येई रे? तुना ॲपमा त नऊ लिखेल शे." चोपड्याजवळच्या शिवारात, केळीच्या बांधावर ते नऊपासून बसून होते. मी जळगावात पंख्याखाली. ॲप उघडलं, तर वेळ स्पष्ट होती: रात्री १. स्पष्ट म्हणजे मला.

हे ॲप मी एका शेतकरी गटासाठी केलं होतं. शेतीच्या लाईटची पाळी, ठिबकमधून सोडायची खतं आणि केळीचा भाव, एवढंच त्यात. डिझाईन माझंच. भरपूर पांढरी जागा, त्यात बारीक वळणाची फिकट करडी अक्षरं. 'किती क्लीन दिसतंय' म्हणून मित्रांना स्क्रीनशॉटही पाठवले होते.

पुढच्या रविवारी मळ्यात गेलो. मे महिना, भर दुपार. नानांचा मोबाईल हातात घेतला. बॅटरी टिकावी म्हणून उजेड निम्म्यावर, काचेवर ओरखडे पडलेला स्क्रीनगार्ड. त्यात सगळ्यात आधी मला माझंच तोंड दिसलं. मग तळहाताची सावली करून पाहिलं, तर कार्डाचं शीर्षक तेवढं वाचता येत होतं. खालची वेळ म्हणजे पुसट रेघोट्या. १ आणि ९ यांच्यात फरक तो केवढा, गोलाला जोडलेल्या शेपटीच्या वळणाचा! तेच वळण उन्हात विरघळलं होतं.

घरी येऊन पहिल्यांदा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मोजला. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. वेबवरच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती २००८ची. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांना ३ : १. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. माझा करडा, रंगाचा कोड ९९९९९९, भरला २.८५. नापास, तोही चांगलाच. हिरव्या बटणावरची पांढरी अक्षरं २.७८.

मग कोड ७६७६७६ केला. ४.५४. पास! नानांच्या मोबाईलवर टाकलं, उन्हात धरलं. थोडं बरं, पण डोळे बारीक करावेच लागत होते. त्याचं कारण त्या सूत्रातच सापडलं. गडद आणि उजळ अशा दोन्ही रंगांच्या तेजात ०.०५ मिळवून मग भागाकार करतात. काचेवर पडणाऱ्या बाहेरच्या उजेडासाठी ही सोय. आता खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हाला ०.०५ कुठून पुरणार? दोन्हीकडे तीच मोठी रक्कम मिळवली की गुणोत्तर कोसळतं. शिवाय देवनागरीची गंमत वेगळी. शिरोरेषा, मात्रा, अनुस्वार सगळं एवढ्याशा जागेत. रेघ बारीक असली की रंग कितीही पास होवो, डोळ्याला तो फिकाच लागतो. शेवटी करडा जवळजवळ काळ्यावर नेला (गुणोत्तर १० च्या आसपास), अक्षराचं वजन एक पायरी जाड केलं, आकार वाढवला. डार्क मोडही करून पाहिला. उन्हात त्याचा नुसता आरसा होतो.

बटणाचा हिरवाही गडद केला, त्यावरून गटाच्या सचिवांशी जुंपली. "केळीच्या पानाचा रंग पाहिजे, हा काय शेवाळी!" मी बागेतलं जून पान तोडून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मोबाईल त्याच्या शेजारी. पोंग्याचा, म्हणजे कोवळ्या गुंडाळलेल्या पानाचा, पोपटी वेगळा, जून पानाचा वेगळा. ते हसले, हो म्हणाले. लॉगिनच्या पानावरच्या घडाच्या फोटोला मात्र हात लावू दिला नाही. त्यावर पांढरी अक्षरं आहेत, कुठे दिसतात, कुठे पिवळ्यात बुडतात. शेवटी अक्षरांमागे काळपट पट्टा घालून मी तह केला.

वाटलं, झालं. तर नानांनी सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सगळ्यात मोठं केलेलं. बटणाची उंची मी ठोकून बसवलेली होती, त्यामुळे 'पाणी सुरू केलं' मधल्या 'सु'चा उकार खालून कापला गेला आणि 'लं'वरचा अनुस्वार वरून. उंची मोकळी सोडली, ओळींत अंतर वाढवलं. बटण आता दोन ओळींचं होतं, दिसायला बोजड. होऊ दे.

आणि वेळेपुढे शब्दच घातला: 'रात्री १ (मध्यरात्रीनंतर)'. खरं तर हे पाच मिनिटांचं काम होतं. रंगांच्या नादात सगळ्यात शेवटी सुचलं.

परवा नानांना विचारलं, आता दिसतं ना नीट? "दिसस ना," म्हणाले. तरी पाळी रात्रीची असली की जेवण झाल्यावर त्यांचा फोन येतोच. "एक ना रे? नक्की एक?"