हरणाऱ्यालाही पुढची फेरी मिळते, मग ही स्पर्धा कशासाठी?

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी या गावी राहते आणि मुलींच्या कॉलेज फुटबॉलचे सामने नेमाने पाहते, हे ठाऊक असलेली आप्तमंडळी दर नोव्हेंबरात मला एकच प्रश्न विचारतात. कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या एका गटाच्या, स्पर्धेत हरलेला संघ आठवडाभराने राष्ट्रीय स्पर्धेत खेळताना दिसतोच, तर ही मधली स्पर्धा भरवायचीच कशाला? पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने तर ‘ताई, हा निव्वळ तिकिटांचा धंदा आहे’ असा निकालच देऊन टाकला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ते मोजक्या बड्या कॉन्फरन्सना लागू पडते आणि बाकीच्यांना मुळीच पडत नाही.

आधी रचना सांगते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ फुटबॉलमध्ये पश्चिम विभागाचे सामने होतात आणि त्यांतले वरचे संघ अखिल भारतीय फेरीला जातात. ही चाळणी साधारण तशीच आहे. फरक एवढाच, की आपले विभाग नकाशावरून ठरतात आणि इथल्या कॉन्फरन्स विद्यापीठांच्या आपसांतल्या करारांवरून ठरतात. म्हणूनच पॅसिफिकच्या बाजूची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे २०२४ पासून ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे एसीसीमध्ये, खेळतात आणि त्याचे इथे आता कोणाला हसूही येत नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत साखळी सामने होऊन तक्ता तयार होतो आणि मग त्यातल्या वरच्या संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. २०२३ साली एसीसीच्या चौदा संघांपैकी फक्त सहांना या स्पर्धेत प्रवेश होता. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये जो जिंकेल त्याला एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हक्काची जागा मिळते. उरलेल्या, निम्म्याहून थोड्या अधिक, जागा निवड समिती भरते.

खरी मेख या समितीच्या हिशेबात आहे. तिच्यासमोर वर्षानुवर्षे आरपीआय नावाचा जो आकडा राहिला आहे, त्यात संघाच्या स्वतःच्या जयपराजयांना फक्त एक चतुर्थांश वजन असते, प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला निम्मे, आणि उरलेले एक चतुर्थांश प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. थोडक्यात, तुमचे शेजारी बलाढ्य असतील तर त्यांच्याकडून हरूनही तुमचे फारसे बिघडत नाही, आणि शेजारी दुबळे असतील तर त्यांना रोज हरवूनही फारसे साधत नाही. एसीसीचे अनेक संघ त्यामुळे कॉन्फरन्सच्या उपांत्य फेरीत हरले तरी सोमवारी होणाऱ्या निवडीच्या घोषणेची वाट निर्धास्तपणे पाहतात. त्यांना चिंता असते ती मानांकनाची, कारण वरचे मानांकन मिळाले तर सुरुवातीचे सामने घरच्या मैदानावर होतात. याच राज्यातले हाय पॉइंट विद्यापीठ बिग साउथ कॉन्फरन्समध्ये आहे आणि ग्रीन्सबरोचे विद्यापीठ सदर्न कॉन्फरन्समध्ये. अशा छोट्या कॉन्फरन्समधून बहुतेक वर्षी एकच संघ पुढे जातो, आणि तो म्हणजे ही स्पर्धा जिंकणारा.

अशाच एका छोट्या कॉन्फरन्सचा सामना मी काही वर्षांपूर्वी पाहिला. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवरून उलटे धावते. पंच आपल्या मनाने भरपाईची मिनिटे देत नाहीत, तर दुखापत किंवा तत्सम कारण असेल तेव्हा घड्याळच थांबवतात, आणि शून्य झाले की भोंगा वाजतो. शेवटचे दहा सेकंद निवेदक ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने मोजतो. एका गोलने मागे असलेल्या संघाला त्या दहा सेकंदांच्या तोंडावर कॉर्नर मिळाला. कॉर्नरसाठी घड्याळ थांबत नाही, त्यामुळे त्यांची गोलरक्षक स्वतःचे गोलक्षेत्र मोकळे सोडून धावत निघाली, केसांना रिबीन बांधलेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने चेंडू कोपऱ्यात ठेवला, तो नीट बसेना म्हणून पुन्हा ठेवला, आणि तिचा पाय चेंडूला लागण्यापूर्वीच भोंगा वाजला. व्यावसायिक लीगमध्ये क्लब मोजके असल्यामुळे अशा मुलींपैकी बहुतेकींचे स्पर्धात्मक फुटबॉल तिथेच संपते. त्या संघाच्या बाबतीत ‘हरले तरी पुढे जातील’ हे वाक्य उच्चारायचीही सोय नव्हती.

आता कोणी म्हणेल, दोन महिने खपून तक्त्यात पहिला आलेला संघ एका संध्याकाळी पेनल्टींवर हरावा आणि त्याचे वर्ष वाया जावे, यात न्याय कुठे आहे? हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ आणि वेस्ट कोस्ट या कॉन्फरन्सनी तो मानला होता. त्यांच्याकडे महिला फुटबॉलला अशी स्पर्धाच नसे आणि साखळीतला पहिला संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेत जाई. त्याने त्यांचे काही अडले नाही. २००२ आणि २००५ साली पोर्टलंड, २००१ साली सँटा क्लारा, २०११, २०१७ आणि २०१९ साली स्टॅनफर्ड असे राष्ट्रीय विजेते याच कॉन्फरन्समधून आले. ही स्पर्धा नसेल तर संघ कच्चे राहतात, असे सांगणाऱ्यांना ही नावे ऐकवावीत. दुसरीकडे, तोवर साखळीवरच विजेता ठरवणाऱ्या आयव्ही लीग या कॉन्फरन्सने २०२३ साली चार संघांची स्पर्धा सुरू केली. माझे मत विचाराल तर छोट्या कॉन्फरन्सनी वरच्या मानांकनाच्या संघाला घरचे मैदान देण्याची जी पद्धत ठेवली आहे, ती त्यातल्या त्यात योग्य आहे: तक्त्याला काही किंमत राहते आणि दारही सर्वांना बंद होत नाही.

एसीसीपुरता मात्र मावसभावाचा प्रश्न पहिल्या वर्षापासूनचा आहे. ही स्पर्धा १९८८ साली सुरू झाली तेव्हा चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ प्रशिक्षक अँसन डोरन्स यांच्या हाताखाली अजिंक्य होता. १९८६ ते १९९० या काळात तो सलग १०३ सामने हरला नाही. तरीही एसीसीचे ते पहिले विजेतेपद शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पेनल्टींवर नेले. कॉलेज फुटबॉलच्या नोंदींत पेनल्टींवर सुटलेला सामना बरोबरीचा धरला जातो, म्हणून करंडक हातचा जाऊनही डोरन्स यांच्या संघाची अपराजित मालिका मोडली नाही. पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि नॉर्थ कॅरोलायनाने ४-१ अशी सव्याज परतफेड केली. २०१२ सालीही एसीसीचा करंडक व्हर्जिनियाने जिंकला आणि राष्ट्रीय विजेतेपद नॉर्थ कॅरोलायनाने. बड्यांच्या बाबतीत नोव्हेंबरचा पहिला आठवडा डिसेंबरबद्दल फारसे काही सांगत नाही, हे मला कबूल आहे.

मग मी तरी का जाते? एक तर एसीसीच्या स्पर्धेचे मैदान इथे केरीतच, घराजवळ आहे. दुसरे म्हणजे इतके तुल्यबळ संघ दोन-तीन दिवसांच्या अंतराने खेळताना एरवी पाहायला मिळत नाहीत. पहिल्या अर्धात बाहेर काढलेली खेळाडू त्या अर्धात परत येऊ शकत नाही, या नियमामुळे थकलेल्या मुलींना कधी बसवायचे याचा प्रशिक्षकांना सतत विचार करावा लागतो, आणि तो डाव बाकावरून ओळखण्यात माझी संध्याकाळ मजेत जाते. केरीचे मैदान कागदोपत्री तटस्थ असले तरी चॅपेल हिल, डरहॅम आणि रॉली ही एसीसीच्या तीन विद्यापीठांची गावे इथून फार तर अर्ध्या तासावर आहेत, त्यामुळे निम्मे प्रेक्षक घरचेच असतात. एवढे असून २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षे करंडक उचलला तो दूरच्या टॅलाहासीहून येणाऱ्या फ्लोरिडा स्टेटने, आणि त्यातल्या २०२३ च्या संघाने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपदही नेले. आमच्या भागातल्या चॅपेल हिलच्या पाठीराख्यांकडे हा विषय काढला, की ते लगेच पार्किंगच्या गैरसोयीबद्दल बोलू लागतात.