किंक्रांतीची गार हवा

किंक्रांतीचा दिवस होता. ब्रॅम्प्टनमध्ये उणे 21 तापमान आणि सकाळपासून एकामागून एक फोन. मी मूळचा मिरजेचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलो, कॅनडात येऊन गॅसच्या कामाचं जी-टू लायसन्स काढलं, आणि आता बारा वर्षं टोरोंटोच्या या पट्ट्यात फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवून घरभर सोडणारी यंत्रं, दुरुस्त करतोय.

अकराच्या सुमारास एकाचा मराठीत फोन आला. तो कामावर होता. घरी आई-वडील, दोघंही सत्तरीच्या पुढचे, नाशिकहून सहा आठवड्यांपूर्वी आलेले. "दादा, फर्नेस चालू आहे पण गार हवा फेकतेय. घरात 15 डिग्री झालंय."

हातातलं काम आटोपून निघालो. काकांनी कानटोपी घालूनच दार उघडलं. थर्मोस्टॅट बघितला, तर पंखा 'ऑटो'वरच होता. तो 'ऑन'वर राहिला की बर्नर बंद असतानाही हवा येत राहते, म्हणून आधी तेच बघायचं. फर्नेसच्या सर्किट बोर्डावर बिघाडाचा कोड मिळाला असता, पण मुलाच्या सांगण्यावरून काकांनी जिन्याजवळचा फर्नेसचा स्विच दोनदा बंद-चालू केला होता. त्या मॉडेलमध्ये वीज तुटली की कोड पुसला जातो.

बेसमेंटमध्ये फर्नेसचं खालचं झाकण काढलं, त्याचा सेफ्टी स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला आणि सुरू होताना ऐकत बसलो. आधी धूर बाहेर काढणाऱ्या छोट्या मोटारीची घरघर, मग प्रेशर स्विचची टिक्, मग इग्नायटर नारिंगी तापला आणि निळ्या ज्वाळा एका रांगेत पेटल्या. सगळं जागच्या जागी. फ्लेम सेन्सर म्हणजे ज्वाळेत उभी असलेली एक सळई. ज्वाळेतून वाहणारा अगदी बारीक करंट बोर्डापर्यंत पोचला तरच गॅस चालू राहतो. मीटरवर 1.1 मायक्रोअँप आला. कमी होता, पण पुरेसा होता. तरी मी ठरवून टाकलं की दोष इथेच आहे. सळई घासून पुसली, 3.8 आला. दहा मिनिटं ज्वाळा जळत राहिल्या. झाकण लावलं आणि निघालो.

साडेतीनला पुन्हा फोन. "परत गार हवा."

गाडी वळवली. वाटेत एकच विचार, की आपण गेल्यावर तिथे काय बदललं? सिग्नलला थांबलो आणि लख्खकन लक्षात आलं. मी तपासलं तेव्हा झाकण उघडं होतं. ब्लोअर, म्हणजे घरभर हवा फिरवणारा पंखा, बेसमेंटची हवा थेट ओढत होता. झाकण लागल्यावर त्याला घरातल्या जाळीतून, फिल्टरमधून हवा घ्यावी लागते.

या वेळी आधी थर्मामीटर लावले. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक फर्नेसच्या पट्टीवर 35 ते 65 फॅरनहाइट लिहिलेला होता. इथे तो चढत चढत 80 च्या पुढे गेला आणि ज्वाळा विझल्या. ब्लोअर मात्र फिरत राहिला. लिमिट स्विच उघडला होता. आतली धातूची पेटी, हीट एक्स्चेंजर, फार तापली की तो गॅस तोडतो आणि ती निवेपर्यंत पंखा चालू ठेवतो. घरात येणारी गार हवा ती हीच. फर्नेस स्वतःला वाचवत होती. ती पेटी असं सतत तापून तडकली तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो, म्हणून आधी मीटरने तो तपासला. शून्य होता. मग हायसं वाटलं.

फिल्टर काढून उजेडात धरला, तर पलीकडचा बल्ब दिसेना. करडा, नमद्यासारखा थर. नवा घातला. फरक कमी झाला, पण पुरेसा नाही. मग वर गेलो आणि काकूंना म्हटलं, "सगळ्या खोल्या दाखवता का?"

वरच्या तीन खोल्यांचे व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याच्या जाळ्या, बंद. "रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या रे? गॅसचं बिल पोराला भरावं लागतं." आणि हॉलमध्ये, भिंतीतल्या मोठ्या जाळीपुढे, विमानातून आलेल्या दोन भल्यामोठ्या बॅगा, त्यांच्यावरून खालपर्यंत सोडलेली गोधडी. त्या कोपऱ्यात पायाला गार वारं लागायचं. जाळी घरातली हवा आत ओढते, तेच ते वारं. काकूंनी वाऱ्याची वाट बुजवली होती.

मी सांगितल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. "म्हणजे माझ्यामुळे?" माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, अगदी गोधडीसकट. तसंच त्यांना म्हणालो. हे घर हवेवर तापतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही सकाळी विचारायचं सुचलं नव्हतं.

बॅगा हलवल्या, व्हेंट उघडले, फरक 54 वर येऊन थांबला. या वेळी झाकण लावूनच पाऊण तास बसलो. काकूंनी चहा दिला, हातावर तिळगूळ ठेवला. पैसे घेतले नाहीत, ते माझंच राहिलेलं काम होतं.

निघताना काका जुना फिल्टर हातात घेऊन त्याच्या कडेवरचा बाण बोटाने चाचपत होते. "हवा या दिशेने?" मी हो म्हणालो. त्यांनी मार्कर मागितला, मला नव्या फिल्टरवरचं झाकण उघडायला लावलं आणि पुठ्ठ्याच्या कडेवर थरथरत्या अक्षरात लिहिलं, '15 जानेवारी, किंक्रांत'. वर थर्मोस्टॅट 19 दाखवत होता, आणि काकांच्या डोक्यावर कानटोपी नव्हती.